अँटेनाचं तोंड कुणाकडे?

दौंड म्हटलं की बहुतेकांना रेल्वे जंक्शन आठवतं. मनमाडकडे जाणारी गाडी, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडणं, फलाटावरचा चहा. १९२७ साली याच दौंडला उंच मनोऱ्यांची एक रांग उभी राहिली आणि तिचं तोंड थेट इंग्लंडकडे होतं. तिथून पश्चिमेला सुमारे ७५ किलोमीटरवर, पुण्याच्या खडकीला, तशीच दुसरी रांग होती. खडकी बोलायची आणि दौंड ऐकायचं. दोन्ही मिळून एकच बिनतारी यंत्रणा होती, जिचा घसा एका गावात आणि कान दुसऱ्या गावात.

आमचं खर्डा दौंडहून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला आहे. इतिहासाच्या पुस्तकात खर्ड्याचं नाव येतं ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. मराठ्यांशी लढताना मागे हटलेल्या निजामअलीने इथल्या भुईकोट किल्ल्याचा आसरा घेतला, तिथेच तो कोंडला गेला आणि त्याला तह करावा लागला. या विजयाची बातमी पुण्याला पोचली ती जासुदांच्या घोड्यांच्या आणि सांडण्यांच्या वेगाने. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी त्याच मुलखाच्या पश्चिम टोकाला अशी यंत्रणा आली, जिच्यातून निघालेला इशारा सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात इंग्लंडला पोचत होता. खर्ड्यातल्या माणसाचा निरोप मात्र अजूनही पायानेच चालला होता. ही यंत्रणा कशी उभी राहिली आणि तिचं तोंड कुणाकडे असावं हे कुणी ठरवलं, हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहिले तर बिनतारीचा इतिहास जरा वेगळा दिसतो.

अठरा किलोमीटरचा तरंग

१८७० मध्ये मुंबई–एडन–सुएझ अशी समुद्राखालची केबल पडली आणि मुंबई लंडनला तारेने जोडली गेली. पण केबल टाकायला जहाजं लागत, ती तुटली की समुद्रात शोधावी लागे आणि युद्धात शत्रू ती कापू शकत असे. म्हणून साम्राज्याला बिनतारी साखळी हवी होती. १९१३ मध्ये मार्कोनी कंपनीशी करार झाला. इंग्लंड, इजिप्त, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान आणि सिंगापूर अशी स्टेशनं ठरली. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो बेत बारगळला.

त्या काळी समज असा होता की लांबचा पल्ला हवा तर तरंगही लांब हवा. १९२६ साली इंग्लंडमध्ये रग्बी इथे सुरू झालेलं प्रचंड स्टेशन याच समजावर उभं होतं. तिथे ८२० फुटी बारा मनोरे होते आणि तरंगलांबी होती सुमारे १८,७५० मीटर. म्हणजे एकच तरंग जवळपास खर्ड्यापासून जामखेडपर्यंत पोचेल एवढा लांब. असा तरंग चारी दिशांना पसरतो. त्याला एका दिशेने वळवायचं तर अँटेना तरंगाच्या काही पट रुंद हवी, म्हणजे तिने दोन-तीन तालुके व्यापले असते. सगळीकडे ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि ओरडायला शेकडो किलोवॅट वीज लागत होती.

वाट दाखवली ती हौशी लोकांनी. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटरच्या आतल्या आखूड तरंगांवर ढकललं होतं, कारण ते तरंग कुचकामी आहेत असं मानलं जाई. १९२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे इशारे अटलांटिकपार स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये दुतर्फा संभाषण झालं. आखूड तरंग आकाशात वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून परावर्तित होतात आणि हजारो किलोमीटर दूर उतरतात. याच सुमारास मार्कोनी आपल्या 'इलेट्रा' नावाच्या बोटीवरून आणि त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन किनाऱ्यावरून हेच तपासत होते. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने झोताच्या, म्हणजे 'बीम' पद्धतीच्या, स्टेशनांचा करार केला. १९२६ मध्ये कॅनडा जोडला गेला. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थानही जोडले गेले. इकडे खडकी आणि दौंड, तिकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी आणि स्केग्नेस.

ढोल पथकाचं गणित

फ्रँकलिनची युक्ती समजायला गणेशोत्सवातलं ढोल पथक पुरेसं आहे. वीस ढोलवाले एका सरळ रांगेत खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि सगळे एकाच क्षणी टिपरू मारतात. रांगेच्या बरोबर समोर दूरवर उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांचं अंतर जवळजवळ सारखंच, म्हणून वीस ठोके मिळून एक दणदणीत ठोका ऐकू येतो. रांगेच्या टोकाला, बाजूला उभ्या असलेल्याला मात्र जवळचा ठोका आधी आणि लांबचा नंतर पोचतो. त्याच्या कानी येते ती नुसती फरफट.

ढोलांच्या जागी उभ्या तारा घ्या. मनोऱ्यांच्या रांगेवरून पडद्यासारख्या तारांच्या ओळी सोडायच्या आणि सगळ्यांना एकाच तालात वीज द्यायची. समोरच्या दिशेला तरंग एकमेकांत मिळून बळकट होतात आणि बाजूला एकमेकांना मारतात. मागच्या बाजूला चतुर्थांश तरंगाच्या अंतरावर तारांचा दुसरा पडदा लावला की मागे जाणारं बळही पुढे वळतं. इंग्लंडमधल्या अशा स्टेशनांचे मनोरे जवळजवळ ३०० फुटांचे होते. त्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट होती ताल. प्रत्येक तारेपर्यंत वीज एकाच क्षणी पोचायची तर ट्रान्समीटरपासूनच्या सगळ्या वाटा समान लांबीच्या हव्यात. त्यासाठी फ्रँकलिनने तांब्याच्या नळीत नळी घालून वाहिन्या केल्या. आज घराघरात डिशपासून टीव्हीपर्यंत येणारी कोॲक्सियल केबल ही त्याच जातीची.

हिंदुस्थानच्या मार्गावर सुमारे १६ मीटरचा तरंग दिवसासाठी आणि सुमारे ३४ मीटरचा रात्रीसाठी होता, कारण आकाशातला तो थर सूर्याबरोबर बदलतो. ट्रान्समीटरची ताकद वीसेक किलोवॅट. रग्बीच्या तुलनेत हे काहीच नव्हतं, तरी मिनिटाला शंभर शब्दांचा करार या ताकदीवर पाळता येत होता. सगळी कमाई दिशेची होती.

नकाशा फसवतो

मग दिशा कोणती? भिंतीवरचा जगाचा नकाशा घेऊन पुणे आणि इंग्लंड यांच्यात पट्टी ठेवली तर रेघ उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण ५९ अंश झुकते. त्या रेघेला काटकोनात मनोरे उभारले असते तर झोत वाया गेला असता. पृथ्वी गोल आहे आणि तरंग गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने जातो. गोलावरचं त्रिकोणमिती वापरून हिशेब केला की दिशा येते उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण ३९ अंश. दोन उत्तरांत २० अंशांचा फरक. घरी जेवण मागवल्यावर डिलिव्हरी ॲप जे अंतर मोजतं, त्यामागे हेच सूत्र असतं. शहरातल्या तीन किलोमीटरला सपाट नकाशा चालून जातो. सुमारे ७,३०० किलोमीटरला तो चालत नाही.

ही वाट पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून पाहण्यासारखी आहे. ती कराचीच्या उत्तरेकडून सिंध ओलांडते, इराणवरून जाते, बाकूच्या जवळपास कॅस्पियन समुद्र पार करते आणि युक्रेनवरून इंग्लंडला पोचते. बोटी आणि केबल एडन-सुएझच्या वाटेने जात. झोत मात्र बराचसा अशा मुलखांवरून जात होता जिथे ब्रिटिशांची सत्ता नव्हती आणि खाली कुणाला त्याची दाद घ्यावी लागत नव्हती. झोत वायव्येला पाठवायचा म्हणून मनोऱ्यांची रांग ईशान्य-नैर्ऋत्य अशी. जमिनीत एकदा पाया घातला की ही दिशा बदलता येत नाही. गच्चीवरचा ॲल्युमिनियमचा अँटेना आपण "आलं का? अजून थोडा डावीकडे" करत फिरवत होतो, तशी सोय इथे नव्हती. कुणाशी बोलायचं हे सिमेंट ओतण्याआधीच ठरलेलं होतं.

घसा इथे, कान तिथे

बोलणं आणि ऐकणं एकाच जागी का ठेवलं नाही? इंग्लंडहून येणारा इशारा दौंडला पोचेपर्यंत इतका क्षीण होई की त्याला मोजायला व्होल्टचा दशलक्षांश हे माप लागतं. त्याच्याच शेजारी वीस किलोवॅटचा ट्रान्समीटर धडधडत असेल तर रिसीव्हरला दुसरं काही ऐकू येणं शक्य नाही. शेजारी डीजे सुरू असताना फोनवर कुजबुज ऐकण्यासारखं ते झालं असतं. म्हणून अंतर ठेवायचं. मुंबईतला तारवाला किल्ली दाबे, ती जमिनीवरच्या तारेने खडकीला पोची आणि तिथून हवेत जाई. उत्तर दौंडला उतरे आणि तारेनेच मुंबईला जाई. म्हणजे या 'बिनतारी' यंत्रणेची दोन्ही टोकं तारेनेच बांधलेली होती, आणि ती तार कुठे जाते यावर सगळं ठरत होतं. ती मुंबईच्या व्यापाऱ्यांपर्यंत, वृत्तसंस्थांपर्यंत आणि सरकारी कचेऱ्यांपर्यंत जात होती.

ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान निघाली की केबल कंपन्यांचं धाबं दणाणलं. १९२८ मध्ये लंडनमध्ये खास परिषद भरली आणि १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी हे दोन्ही धंदे एकाच कंपनीत आणले गेले. हिंदुस्थानातही १९३२ मध्ये तसंच झालं आणि इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी तयार झाली. स्वस्त झोताने महाग केबल बुडवू नये याची ही तजवीज होती. १९३३ मध्ये इंग्लंडशी बिनतारी टेलिफोनही सुरू झाला.

आता त्याच वर्षातली दुसरी घटना शेजारी ठेवू. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. हे सामान्य श्रोत्यांसाठीचं रेडिओ केंद्र होतं. त्याचा ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा आणि पल्ला जेमतेम तीस मैल. एकाच वर्षी एक यंत्रणा ७,३०० किलोमीटरवरच्या लंडनशी बोलत होती आणि दुसरी मुंबईहून खडकीपर्यंतही पोचत नव्हती. १९३० मध्ये ती कंपनी बुडाली. तंत्रज्ञान दोघांनाही उपलब्ध होतं. पैसा आणि अँटेनाचं तोंड लंडनकडे होतं.

४२.३४ मीटर

पंधरा वर्षांनी याच मुलखात अगदी उलट्या प्रकारची अँटेना उभी राहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्रीची मदत केली आणि राममनोहर लोहिया या कामाशी जोडले गेले. "हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर" अशी आपली ओळख हा रेडिओ इंग्रजीत सांगत असे.

हा आकडा नुसता पत्ता नाही. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. एवढ्या तरंगासाठी साधी अर्ध-तरंग अँटेना सुमारे २१ मीटर लांब होते. म्हणजे ट्रान्समीटर खोलीत लपवता येतो, पण जवळपास सत्तर फुटांची तार लपवणं अवघड. त्यात ही तार दिसली नाही तरी ऐकू येते. पोलिसांकडे दिशा शोधणारे रिसीव्हर होते. त्यांची वेटोळ्याची अँटेना फिरवत गेलं की एका दिशेला आवाज अगदी मंदावतो. ती दिशा नकाशावर आखायची, दुसऱ्या जागेवरून पुन्हा तेच करायचं. दोन रेघा जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. याला एकच उत्तर होतं, ते म्हणजे सतत हलत राहणं. चौपाटी, वाळकेश्वर, गिरगाव अशा जागा बदलत राहायचं आणि प्रत्येक वेळी नव्या छतावर तार पुन्हा जुळवायची.

तीन महिने हे चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रक्षेपण सुरू असतानाच धाड घातली. एका तंत्रज्ञाने फितुरी केली होती. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या.

दौंड-खडकीच्या मनोऱ्यांना लपायची गरज नव्हती, कारण ते सत्तेचेच होते, आणि त्यांना एकाच ठिकाणी बोलायचं होतं. काँग्रेस रेडिओला कुणा एकाशी बोलायचं नव्हतं. ज्याच्याकडे शॉर्टवेव्ह सेट आहे त्या प्रत्येकाशी बोलायचं होतं, म्हणून झोत नको होता. चारी दिशांना बोलणाऱ्याला चारी दिशांनी शोधता येतं. ही जोखीम त्यांनी पत्करली होती.

गावाने उत्तर दिलं

स्वातंत्र्याच्या आदल्या जानेवारीत, १९४७ मध्ये, परदेशी दळणवळण सरकारकडे आलं आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस सुरू झाली. पुढे १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह भू-केंद्र झालं. पुणे जिल्ह्यातल्या अँटेनाचं तोंड आता आकाशाकडे वळलं. पण खेड्याच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट १९५६ मध्ये घडली होती.

युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. मंडळातले लोक एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करत. चर्चेत निघालेले प्रश्न आणि निर्णय लिहून आकाशवाणीला परत पाठवले जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचं मूल्यमापन केलं आणि १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली.

गावात रेडिओ सेट होता, ट्रान्समीटर नव्हता. तरी गाव बोललं, कारण परतीची वाट कागदाची का होईना, मुद्दाम ठेवली होती. खडकी-दौंडच्या जोडीत जे काम मनोऱ्यांनी केलं, ते इथे वहीने आणि टपालाने केलं. माझ्या मते नगर जिल्ह्याच्या बिनतारी इतिहासात या वहीची जागा मनोऱ्यांच्या बरोबरीची आहे.

उंची नेहमी कामाची नसते

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र संपत आलेली, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. सुमारे दहा हजार माणसं गेली. खर्ड्याहून किल्लारी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मदतकार्यात हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम लोकांनी, संपर्क पुरवला.

हॅमकडे अशा वेळी मनोरा नसतो. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी, म्हणजे काँग्रेस रेडिओच्याच शेजारी, दहा-दहा मीटरच्या दोन तारा घ्यायच्या. मधोमध कोॲक्सियल केबल जोडायची, बाहेरची टोकं इन्सुलेटर लावून दोरीने दोन झाडांना बांधायची. एका गाडीची बॅटरी आणि हातात मावेल एवढा सेट. एका तासात स्टेशन तयार.

इथे उंचीचा नेहमीचा समज उलटा पडतो. वॉकीटॉकीसारख्या सेटचे तरंग सरळ रेषेत जातात, म्हणून त्यांना उंची हवी. तीस मीटरच्या मनोऱ्यावरून सपाट मुलखात त्यांचं क्षितिज साधारण बावीस किलोमीटरवर येतं. सात मेगाहर्ट्झची तार मात्र पाच-सहा मीटरवरच टांगली तर तिचा जोर सरळ वर जातो. तो वरच्या थरावर आपटून छत्रीसारखा खाली उतरतो आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात सगळीकडे पोचतो. मध्ये बालाघाटचा डोंगर आला तरी अडत नाही. दौंडच्या उंच पडद्याला क्षितिजाजवळून लंडन गाठायचं होतं. किल्लारीला लातूर, सोलापूर आणि पुणे गाठायचं होतं. जवळच्यांशी बोलायचं असेल तर तार खाली आणावी लागते.

आजचा मनोरा

आता हातातल्या फोनकडे पाहा. हाही ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र आहे. घसा आणि कान यांच्यात १९२७ मध्ये ७५ किलोमीटर ठेवावे लागले. फोनमध्ये ते काम नखाएवढे फिल्टर करतात, नाहीतर बोलणं आणि ऐकणं सेकंदाच्या बारीक तुकड्यांत आळीपाळीने होतं. फ्रँकलिनचा ढोल पथकाचा तालही गेलेला नाही. फाईव्ह-जीच्या एका पॅनलमध्ये ३२ किंवा ६४ ट्रान्समीटर-रिसीव्हर असतात. तरंग साडेआठ सेंटिमीटरचा, त्यामुळे एकेकाळी काही एकर लागणारी रांग दाराएवढ्या पेटीत बसते. तारांना वीज एकाच क्षणी न देता किंचित मागेपुढे दिली की झोत वळतो. पाया न हलवता तो एका फोनवरून दुसऱ्या फोनकडे फिरतो.

पण पॅनल मनोऱ्यावर कुठे तोंड करून बसवायचं, हे अजून माणूसच ठरवतो. एका मनोऱ्यावर बहुधा तीन दिशांना पॅनल असतात, प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंश, आणि ती काही अंश खाली झुकवलेली असतात. जास्त झुकवलं तर गावठाणात चांगली रेंज मिळते आणि लांबच्या वस्त्या सुटतात. कमी झुकवलं तर उलट. पॅनलचं तोंड हमरस्त्याकडे वळवलं तर गाडीतल्यांचा कॉल तुटत नाही, पण डोंगराआडच्या वाडीला मिळत नाही. गिऱ्हाईक कुठे जास्त आहे, याचा हिशेब या अंशांत असतो. ज्या वाडीत १०८ला फोन लावायला टेकडावर चढावं लागतं, तिथल्या माणसासाठी हा हिशेब जिवाचा होतो.

म्हणून रेंजची तक्रार करताना "टॉवर आहे की नाही" एवढं विचारून भागत नाही. ग्रामसभेत विचारायचा प्रश्न जास्त नेमका हवा: त्या मनोऱ्यावर पॅनल किती, त्यांचं तोंड कोणत्या दिशांना आणि झुकाव किती अंशांचा. तिन्ही गोष्टी मोजता येतात, लिहून ठेवता येतात आणि दौंडच्या मनोऱ्यांसारख्या सिमेंटमध्ये गाडलेल्या नाहीत. पान्याने दोन बोल्ट सैल केले की दिशा बदलते.